सहावी घडी

नोंदणी कार्यालयाच्या बाई गाणं ऐकायला येणार होत्या, म्हणून त्या सकाळी धुलाईघराचा बॉयलर बंद ठेवला होता. याआधी तो शेवटचा बंद राहिला तो बाबा गेले तेव्हा, आणि तेव्हासुद्धा फक्त दुपारपर्यंत. वाफ नसली की दालनाला भिंती आहेत हे दिसतं. आत्यानं भिंती नीट पाहून घेतल्या, वाफच बरी होती असं मनाशी ठरवलं आणि रोलरजवळच्या आपल्या स्टुलावर जाऊन बसली.

"वन्सं, बाई कार्यालयातून येतेय," वहिनी म्हणाल्या. "निदान एप्रन तरी काढा."

"ती मला बघायला येतेय की गाणं ऐकायला?"

"दोन्ही."

"मग गाणं चांगलं धुऊन ठेवा. माझं राहू दे."

वहिनींनी तोंड वाकडं केलं आणि खुर्ची पुसायला घेतली. ती त्यांनी सकाळपासून चौथ्यांदा पुसली होती. तिच्यावर बसणारं माणूस घसरून पडेल अशी आता भीती होती.

प्रकरण असं होतं, की आत्याकडे कागद नव्हता. कुठलाच नव्हता. चौसष्ट वर्षं ती या दालनात चादरी पिळत, वाळवत, घड्या घालत आली आणि एकाही चादरीनं तिला कागद विचारला नाही. मग दोन महिन्यांपूर्वी नवा नियम निघाला. बाहेरून आलेल्या ज्या माणसाची नोंद नाही त्याला महिनाअखेर फाटकापलीकडे पोचवायचं. फाटकापलीकडे आता कुणी राहत नव्हतं. जुनी वस्ती, जुनं इस्पितळ सगळं पाडून तिथं पाण्याची भलीमोठी टाकी बांधली होती.

"म्हणजे मला टाकीत सोडणार," नियम वाचून दाखवल्यावर आत्या म्हणाली होती. "धुलाईवाली आहे, पाण्याची सवय असेल, असा विचार केला असेल त्यांनी. चांगली माणसं आहेत."

महिना संपायला चार दिवस राहिले होते.

आता फाटकाची गोष्ट. या घरात ती इतक्यांदा सांगून झालीय की भांड्यांनाही पाठ आहे. आत्याचे बाबा त्या काळी इस्पितळाच्या चादरींची हातगाडी ओढायचे. इस्पितळ पलीकडे, धुलाईघर अलीकडे, मधे फाटक आणि फाटकावर शिपाई. माणसाला इकडं यायला बंदी होती, मळक्या चादरींना नव्हती. त्यातही साथीच्या वॉर्डातल्या चादरी म्हटलं की शिपाई पन्नास पावलं मागं सरायचे. एक म्हणे इतका मागं सरला की थेट आपल्या घरी पोचला आणि बायकोनं त्याला दळण आणायला पाठवलं. बाबांनी हे सगळं पाहून ठेवलं. एका दिवशी त्यांनी गाडीवर सहा गाठोडी जास्त चढवली आणि त्या सहांत सहा माणसं होती.

गाणं त्यातून आलं. चादरीची घडी दोघांनी घालायची असते. दोन टोकं दोघांनी धरायची, जवळ यायचं, टोकाला टोक मिळवायचं, परत लांब जायचं. बाबांनी प्रत्येक घडीला एक कडवं बांधलं आणि प्रत्येक कडव्यात एक गाठोडं. जुन्या मालकानं कामगारांना नऊ दिवस दाराबाहेर ठेवलं, तेव्हा शंभर माणसं रिकाम्या हातांनी रस्त्यावर घड्या घालत हेच गाणं म्हणत उभी राहिली. दहाव्या दिवशी मालकानं दार उघडलं. गाण्याला घाबरून नव्हे. त्याच्या स्वतःच्या पलंगावर चादर उरली नव्हती.

पुढे एकतीस वर्षांपूर्वी सरकारला दयेचा झटका आला. फाटकातून आलेल्यांकडे कागद कुठून असणार, तेव्हा त्यांच्या कामाच्या गाण्यात ज्याचा उल्लेख असेल त्याची नोंद करावी, असं ठरलं. टेपचं यंत्र घेऊन एक माणूस आला. आत्याचा थोरला भाऊ त्याच्यासमोर गायला. पाच कडवी झाली, पाच कागद मिळाले. आत्या त्या वेळी मागं रोलरवर होती आणि वाफेत तिला काही ऐकू आलं नाही.

आता तेच थोरले कडक इस्त्रीचा कोट घालून, छातीला मंडळाचा बिल्ला लावून आत आले. स्थलांतरितांच्या मंडळाचे ते बावीस वर्षं अध्यक्ष होते. चौकात संगमरवरी दगडावर गाणं कोरलं होतं त्याखाली त्यांचं नाव होतं, आणि पाचव्या कडव्यातही अर्थात तेच होते.

"सगळ्यांनी ऐका," ते म्हणाले. "गाणं जसं आहे तसं म्हणायचं. कुणी शहाणपणा करायचा नाही."

"जसं आहे तसं, का जसं दगडावर आहे तसं?" त्यांच्या नातीनं विचारलं.

ही नात मोर्चेवाली. अन्यायाचा वास तिला दोन गल्ल्यांवरून यायचा आणि भोंगा कायम तिच्या पिशवीत असायचा. आजोबांचं गाणं ती मोर्च्यांत म्हणायची. पाचवं कडवं संपलं की चाल थोडी पुढं रेंगाळते. तिथं शब्द नव्हते, म्हणून लोक टाळ्या वाजवायचे. तिला त्या टाळ्या फार दिवस खटकत होत्या.

"दोन्ही एकच आहे," थोरले म्हणाले.

"माझं ऐका," धाकटे म्हणाले. हे आत्याचे धाकटे भाऊ. ते इथंच, इस्त्रीच्या खोलीत दोन टोपल्यांच्या मधे जन्मले, त्यामुळे त्यांच्याकडे कागद होता पण गाण्यात जागा नव्हती, आणि हे दुःख त्यांनी साठ वर्षं ताजं ठेवलं होतं. "नवीन कडवं करू. त्यात ताईला घालू. आणि जागा उरली तर, मी आपलं सुचवतो, मलाही घालू."

"धाकटे आजोबा, तुम्ही कशातून आलात?"

"मी आलो नाही. पण आलो असतो."

"त्यापेक्षा मी चाळीस जण घेऊन येते," मोर्चेवाली म्हणाली. "दारात बसू. भोंगा लावू. आत्याआजी, हा न्यायाचा प्रश्न आहे."

"असेल गं," आत्या म्हणाली. "पण चाळीस जण दारात बसले तर ओल्या चादरी बाहेर नेऊ कुठून?"

थोरल्यांनी या अवधीत बहिणीकडे एकदाही पाहिलं नाही. आत्याच्या ते लक्षात आलं. तिला नवल वाटलं नाही. चादरीच्या दोन टोकांना उभं राहून पन्नास वर्षं काम केलं की समोरच्याच्या हातावरून त्याचं मन कळतं, आणि दादाचे हात आज कोटाच्या खिशात होते.

*

नोंदणीच्या बाई दहाच्या ठोक्याला आल्या. बारीक अंगाच्या, बगलेत फाइल, चेहऱ्यावर काहीच नाही. खुर्चीवर बसल्या, जरा घसरल्या, परत बसल्या.

"अर्जदार कोण?"

"मी," आत्या म्हणाली.

"तुम्ही स्वतःबद्दल गायलेलं चालणार नाही. गाण्यातल्याच दुसऱ्या हयात व्यक्तीनं गायला हवं. अशी कोण आहे?"

"मीच एक उरलोय," थोरले म्हणाले.

"नियमात 'श्रमासह' असं आहे. नुसतं उभं राहून गायचं नाही. काम करता करता गायचं."

जावईबापूंनी एक चादर आणली. थोरल्यांचे हे जावई, मोर्चेवालीचे वडील. धंद्यानं सुतार, स्वभावानंही सुतारच. दिवसाला आठ-दहा शब्द वापरायचे, तेही मोजून. थोरल्यांनी चादरीचं एक टोक धरलं, आत्यानं दुसरं. मधे अख्खं दालन.

"पहिल्या गाठोड्यात सुतार दादा,
रंधा पोटाशी, श्वास अर्धा.
मळ ज्याचा त्याचा, हात आमचा!"

चादर उभी दुमडली. थोरल्यांचा आवाज अजून खणखणीत होता. सगळे पालुपदाला साथ देत होते, धाकटे जरा जास्तच.

"दुसऱ्या गाठोड्यात शिंपीण बाई,
सुई दातांत, बोलत नाही.

तिसऱ्या गाठोड्यात मास्तर झाकला,
पाढे म्हणता म्हणता वाकला.

चौथ्या गाठोड्यात आई निजली,
डोळे कोरडे, चादर भिजली."

इथं दोघं दर वेळी जवळ यायचे आणि मग एकजण खालचं टोक उचलून मागं जायचा, पण दर वेळी आधीच्या निम्मंच. पाचव्या कडव्याला त्यांच्यामधे दोन वीत अंतर राहिलं होतं.

"पाचव्या गाठोड्यात थोरला वीर,
शिपाई आला तरी धरला धीर.
मळ ज्याचा त्याचा, हात आमचा!"

थोरल्यांनी घडी बहिणीच्या हातातून काढून घेतली, पाठ फिरवली आणि ती भिंतीकडच्या फळीवर ठेवली. चाल दालनात तशीच थोडी लोंबकळत राहिली. धाकट्यांनी सवयीनं दोन टाळ्या वाजवल्या.

"गाणं संपलं?" बाईंनी विचारलं.

"संपलं."

"चाल संपली नाही."

"ती अशीच आहे."

बाईंनी काहीतरी लिहिलं. "पाच कडवी. अर्जदाराचा उल्लेख नाही. दगडावर पाच, टेपवर पाच, आताही पाच." त्यांनी फाइल मिटली आणि उठल्या. उठता उठता त्यांची नजर फळ्यांवर गेली आणि तिथंच थांबली. "या फळ्या दोन रंगांच्या का आहेत?"

खरंच, भिंतीवरची एकूण एक फळी मागून काळपट आणि पुढून पिवळसर होती. प्रत्येकीला पुढच्या बाजूनं एका वितीची पट्टी जोडलेली होती.

"मागचं माझ्या वडिलांचं," जावईबापू म्हणाले. "पुढचं माझं."

"ते पहिल्या गाठोड्यातले सुतार तुमचे वडील?"

"हो."

"त्यांनी फळी तोकडी केली?"

जावईबापूंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सुताराच्या मुलाला त्याचा बाप माप चुकला असं म्हणणं म्हणजे हद्द झाली. ते सरळ जमिनीवर उताणे झाले, सगळ्यात खालच्या फळीखाली डोकं घातलं आणि आतून वाचलं, "'सहा घड्यांची चादर. एक वीत. मोजून.'" मग म्हणाले, "वडील पेन्सिलीनं लिहायचे. मीही लिहितो."

"तुमच्या पट्टीखाली काय लिहिलंय?"

जावईबापू पाठीवरच जरा पुढं सरकले. "'सासऱ्यांनी सांगितलं म्हणून. कारण विचारलं नाही.' आणि तारीख."

तारीख बाईंनी लिहून घेतली. टेपचा माणूस येऊन गेल्यानंतरचा तो चौथा दिवस होता.

मोर्चेवालीचं तोंड उघडंच राहिलं. जन्मापासून ती या फळ्यांवर डोकं आपटत आली होती. गालबोटासारखी एक खूण कपाळावर होतीच. म्हणजे गाणं एका कडव्यानं तोकडं झालं, म्हणून चादर एका घडीनं लांब झाली, म्हणून फळी वाढवली, म्हणून तिचं डोकं फुटलं. तिला पिशवीतून भोंगा काढावासा वाटला, पण कुणाविरुद्ध लावायचा ते कळेना.

"सहा घड्या होत्या," बाई म्हणाल्या. "म्हणजे कडवीही सहा असणार."

"मग झालं की!" धाकटे म्हणाले. "फळीच साक्षीदार आहे."

"फळी गाण्यात नाही," बाई म्हणाल्या. "नियम साफ आहे. गाण्यातल्या हयात व्यक्तीनं गायला हवं." त्यांनी घड्याळ पाहिलं. "मला चहा चालेल. मी तो सावकाश पिते."

*

थोरले इस्त्रीच्या खोलीत जाऊन उभे राहिले. वहिनी मागोमाग आल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

"उघडं राहू दे," थोरले म्हणाले. "गुदमरतंय."

"लोकांनी ऐकायला नको म्हणून लोटलं."

थोरल्यांनी कोटाचं एक बटण काढलं, परत लावलं. चौसष्ट वर्षं ते एकच गोष्ट सांगत आले होते. नऊ वर्षांचा पोरगा, गाठोड्यात बसलेला, मुठीत दगड. शिपाई जवळ आला, बाकीची गाठोडी थरथरायला लागली, आणि या पोरानं हळूच सगळ्यांना सांगितलं, गप्प. त्या गोष्टीवर मंडळाचं अध्यक्षपद उभं होतं. त्या गोष्टीवर दगड उभा होता. त्या गोष्टीवर, खरं बोलायचं तर, ते स्वतः उभे होते, आणि खालून कुणी ती ओढून घेतली तर त्र्याहत्तराव्या वर्षी कुठं टेकायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"तुला एक सांगायचंय," ते म्हणाले.

"पाचवं कडवं तसं नाही आणि सहावं आहे," वहिनी म्हणाल्या. "तेच ना?"

थोरले इस्त्रीच्या टेबलावर बसले. टेबल थंड होतं म्हणून बरं.

"तुला कुणी सांगितलं?"

"सासूबाईंनी. लग्नानंतर आठव्या दिवशी. आम्ही दोघी चादरींच्या घड्या घालत होतो, तर त्या सहावं म्हणून मोकळ्या झाल्या. शेवटची दोन तेव्हा जवळ आलेले दोघंच पुटपुटायचे, वाफेत तिसऱ्याला ऐकू जायची नाहीत. मी घरी येऊन तुमच्याकडे नीट बघितलं आणि म्हटलं, असू दे."

"पन्नास वर्षं बोलली नाहीस?"

"तुम्ही झोपेत रडता तेही बोलले नाही. एवढं काय बोलायचं त्यात." त्यांनी त्यांच्या कोटावरचा धागा काढला. "तुमचा दगड मला प्यारा होता हो. बावीस वर्षं त्याच्यापुढं फुलदाणी मीच ठेवतेय. पण वन्सं गेल्या तर रोलर कोण चालवणार? धाकटे भावजी? ते एकदा बाही अडकवून बसले होते आत, आठवतंय? कापून बाहेर काढली."

"मी मुद्दाम नाही गं केलं. तो टेपचा माणूस कोवळा होता. माझ्याकडे असा बघत होता, की मी म्हणजे काहीतरी..." थोरले थांबले. "वाटलं, पाचवं जरा बरं करावं. मग सहावं त्याला जुळेना, म्हणून राहू दिलं. कागद गाण्यावरून करतात हे नंतर कळलं. म्हटलं, उद्या जाऊन सांगतो. तो उद्या एकतीस वर्षं चालला."

दार ढकलून आत्या आत आली. तिनं एप्रन काढला नव्हता.

"दादा, बाईंचा चहा तळाला गेलाय."

"चिमे," थोरले म्हणाले. हे नाव त्यांनी फार वर्षांत वापरलं नव्हतं. "तू कधीच का नाही बोललीस? त्या माणसाला? मला?"

आत्यानं विचार केला. ती काही थोर उत्तर शोधत नव्हती. खरंच आठवत होती.

"मी एकदा तुझं तोंड दाबलंय," ती म्हणाली. "उघडायचं काम तुझं."

"आणि मी नाही उघडलं तर? चार दिवसांनी काय करशील?"

"टाकीवर जाईन. तिथं धुवायला काही नसेल, एवढंच वाईट वाटेल." ती जायला वळली, मग दारात थांबली. तिनं चौकट धरली. "मला जायचं नाहीये, दादा," आत्या म्हणाली. "हे मात्र सांगून ठेवते. उगाच तुला वाटेल, चिमीला काही वाटत नाही."

*

बाईंनी कप खाली ठेवला तेव्हा थोरले परत येऊन समोर उभे होते. कोट त्यांनी काढला होता. बिल्ला कोटाबरोबर गेला होता.

"पाचवं कडवं मी बदललं," ते म्हणाले. आवाज मंडळाच्या वार्षिक सभेतला होता, शब्द नव्हते. "आणि सहावं गाळलं. पाचव्यात मी रडतो. सहाव्यात ही माझं तोंड दाबते."

"दोघं एका गाठोड्यात होता?"

"नाही. दोन वेगळी गाठोडी. शेजारी."

"मग हात पोचला कसा?"

नऊ वर्षांच्या पोरानं मापं घेतली नव्हती.

"असो," बाई म्हणाल्या. "सांगितलेलं चालत नाही. म्हणून दाखवा. कामासह."

दुसरी चादर आली. दोघं भावंडं दालनाच्या दोन टोकांना गेली. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. वहिनी पालुपद म्हणत होत्या; त्यांना गाता येत नाही हे सगळ्या घराला माहीत होतं आणि आज कुणी तसं म्हटलं नाही. मास्तर वाकला, आई निजली. दोघं जवळ आले, निम्मे मागं गेले, परत जवळ आले. थोरल्यांनी बहिणीकडे पाहिलं, आणि या वेळी पाहतच राहिले.

"पाचव्या गाठोड्यात थोरला लेक,
शिपाई दिसता भोकाड एक..."

आणि ते सुटलं. सूर नव्हे, भोकाडच. नऊ वर्षांच्या पोराचं, त्र्याहत्तर वर्षांच्या छातीतून, चौसष्ट वर्षं मुरलेलं. मोर्चेवालीच्या पिशवीतला भोंगा म्हणे आपोआप घरघरला. शेजारच्या गल्लीत दोन खिडक्या उघडल्या. धाकटे भिंतीला चिकटले. जावईबापूंनी हातानं फळी धरून ठेवली, वडिलांची बाजू.

थोरले रडत होते, पण हात थांबले नव्हते. हातांना घडी माहीत होती. पाचवी झाली. आता त्यांच्यामधे दोन विती उरल्या होत्या, आणि एकतीस वर्षं ते इथंच पाठ फिरवत आले होते. या वेळी त्यांनी फिरवली नाही. सहाव्या घडीला आत्या एक पाऊल पुढं आली. तिच्या टोकाला त्यांचं टोक मिळालं आणि चादर एका वितीत मावली, आणि दोघांची नाकं जवळजवळ टेकली. एका हातानं घडी धरून आत्यानं दुसरा हात उचलला. हात लांबवावाही लागला नाही. तो होता तिथंच दादाच्या तोंडावर बसला.

"गप्प," ती म्हणाली. "बाई बसल्यात."

भोकाड थांबलं. मग बहिणीच्या तळहाताआडून थोरले गायले. शब्द गुदमरलेले होते, पण ऐकू आले:

"सहाव्या गाठोड्यात चिमुरडी पोर,
भावाच्या तोंडावर हाताचा जोर.
मळ ज्याचा त्याचा, हात आमचा!"

चाल जिथं संपायची तिथं संपली. कुणी टाळी वाजवली नाही. जागाच उरली नव्हती.

बाई बराच वेळ त्या दोघांच्या मधलं अंतर पाहत होत्या. मग त्यांनी लिहिलं, आणि लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणाल्या, "हात कसा पोचला: प्रत्यक्ष पाहिलं." कागद आत्यापुढं सरकवला. "इथं अंगठा. सही येत असेल तर सही."

आत्यानं एप्रनला हात पुसले आणि सही केली. वाचून बघितली. मग तो कागद तिनं घडी घालायला घेतला, तर बाईंनी चटकन हात पुढं केला.

"त्याची घडी घालू नका. चालत नाही."

बाई गेल्या. जाताना खुर्चीवरून उठायला त्यांना जरा वेळ लागला. मोर्चेवाली दारापर्यंत सोडायला गेली आणि परत येताना सहावं कडवं पुटपुटत आली. ते बरोबर पाठ होत होतं.

आत्यानं सहा घड्यांची ती चादर उचलली आणि फळीवर मागं सरकवली. ती काळपट भागावर नेमकी बसली, भिंतीपासून कडेपर्यंत, केसाचंही अंतर न ठेवता. पुढची पिवळी पट्टी रिकामी राहिली. जावईबापूंनी न सांगता खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला.

"किती काढू?"

थोरले डोळे पुसत होते. "सगळ्या काढा."

"आणि दगड?" वहिनींनी विचारलं.

"दगडाला खाली जागा आहे. मी तेव्हा पाहून ठेवली होती."

"म्हणजे सातव्याचीही असेल," धाकटे म्हणाले. "मी आपलं विचारतो. सातवं कडवं करता येईल का?"

"सातवी घडी घालून दाखव," आत्या म्हणाली. "बसली तर कडवं तुझं."

धाकट्यांनी एक चादर घेतली आणि कोपऱ्यात गेले. थोड्या वेळानं ते तिच्यावर गुडघा टेकून बसलेले दिसले. मग पूर्णच बसले.

जावईबापूंनी पहिली पट्टी काढली, आणि तिच्यावर टेकलेल्या पाच घड्यांच्या साऱ्या चादरी धपाधप खाली आल्या. मग दुसरी काढली. सगळ्या फळ्या झाल्यावर दालनाच्या मधोमध चादरींचा ढीग पडला. वहिनींनी तो मोजला. दोनशे अकरा.

आत्यानं बॉयलर लावायला सांगितलं. भिंती हळूहळू दिसेनाशा झाल्या. तिनं ढिगातली पहिली चादर उलगडली, झटकली, एक टोक हातात धरलं आणि दुसरं हवेत तसंच धरून उभी राहिली. थोरल्यांनी येऊन ते घेतलं.

"सुरुवातीपासून," ती म्हणाली.

दुपार झाली, दुपार कलली. दर चादरीला पाचव्या कडव्यावर थोरल्यांना रडू यायचं आणि दर चादरीला सहाव्यावर आत्याचा हात यायचा. पहिल्या पन्नासेक चादरींना आजूबाजूचे थांबून बघत होते, मग आपापल्या कामाला लागले. दोनशे अकराव्या चादरीपर्यंत थोरल्यांचं रडणं चालीत बसलं होतं.